नोंदणी क्रमांक १ : एका लाल त्रिकोणाचं प्रकरण

मी पुण्यात पॅकेजिंग डिझाइनचं काम करते. लोणच्याच्या बरण्या, उदबत्तीचे पुडे, फरसाणाच्या पिशव्या असली कामं बरीच वर्षं केली. गेल्या वर्षी पहिल्यांदाच बिअरचं काम आलं. शहराबाहेर एका शेडमध्ये सुरू झालेली छोटी ब्रुअरी, मालक तिशीतला, बिअर खरोखर चांगली. त्याला सह्याद्री हवा होता. मी सह्याद्री दिला. डोंगरांची रांग, त्यावर बुरूज, मागे उगवता सूर्य, खाली बार्लीच्या दोन लोंब्या, मधोमध हॉप्सचं फूल, भोवती गोल पट्टीत नाव आणि स्थापनेचं साल. स्क्रीनवर ते इतकं देखणं दिसत होतं की आम्ही दोघं बराच वेळ नुसतं बघत बसलो.

महिन्याभराने त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या बारमध्ये आम्ही ती बाटली बघायला गेलो. संध्याकाळची वेळ, पिवळा मंद उजेड, टेबलावर बर्फाची बादली. शेजारच्या टेबलावरचा माणूस वेटरला म्हणाला, "ती मघाचीच आण, डोंगरवाली." वेटरने आणली ती दुसऱ्याच कंपनीची. तिच्यावरही डोंगर होता. त्या माणसाने बाटली फिरवून पाहिली, खांदे उडवले आणि ओतून घेतली.

परतताना गाडीत मी मालकाला वही दिली आणि म्हटलं, "तुमचा लोगो आठवून काढा बघू." त्याने डोंगर काढले, सूर्य काढला आणि थांबला. "मॅडम, बुरूज डावीकडे आहे का उजवीकडे?" ज्याची बिअर, त्यालाच ती खूण हाताने काढता येईना. त्यानंतर पुढचे कित्येक आठवडे मी जुनं एक प्रकरण उकरत बसले. बिअरच्या खुणेबद्दल मला जे कळलं, ते बहुतेक सगळं तिथून कळलं. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

ब्रिटनच्या ट्रेडमार्क नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर जी नोंद आहे, ती एका बिअरची आहे. एक भरीव लाल त्रिकोण. मालक बास अँड कंपनी, गाव बर्टन अपॉन ट्रेंट. १८७५ साली ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ पासून नोंदणी सुरू झाली. असं सांगतात की, पहिला नंबर लागावा म्हणून बासच्या एका कर्मचाऱ्याने ३१ डिसेंबरची रात्र नोंदणी कचेरीच्या दारात काढली. नोंद आजही चालू आहे.

त्या माणसाला थंडीत उभं का राहावं लागलं, हे समजून घ्यायला बर्टनपासून सुरुवात करावी लागते. इंग्लंडच्या मध्यभागातलं हे गाव जिप्समच्या थरांवर वसलं आहे. विहिरीचं पाणी कठीण, कॅल्शियम सल्फेटने भरलेलं. या पाण्यात केलेली फिकट रंगाची एल (बिअरचा एक जुना इंग्लिश प्रकार) स्वच्छ, चकचकीत उतरते आणि हॉप्सचा कडूपणा तीत धारदार लागतो. विल्यम बास आधी मालवाहतुकीच्या धंद्यात होता. १७७७ मध्ये त्याने इथे ब्रुअरी काढली. सुरुवातीला बर्टनचा माल रशियाकडे आणि बाल्टिक किनाऱ्याकडे जायचा. नेपोलियनच्या युद्धांत तो व्यापार बसला. मग नजर वळली हिंदुस्थानाकडे. लंडनच्या हॉजसन नावाच्या ब्रुअरने तो बाजार धरून ठेवला होता, पण व्यापाऱ्यांशी त्याचं बिनसलं. १८२० च्या दशकात आधी बर्टनच्याच ऑलसॉपने आणि पाठोपाठ बासने तिथे पाय रोवले. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने प्रवास करून पिंपं कलकत्ता, मद्रास, मुंबईच्या धक्क्यांवर उतरायची. छावण्यांतले गोरे सैनिक आणि ईस्ट इंडिया कंपनीचे अंमलदार हे गिऱ्हाईक. आज इंडिया पेल एल म्हणून जगभर जी बिअर विकली जाते, तिच्या नावातला 'इंडिया' या व्यापारातून आला.

आता या धंद्याची जी बाजू मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती अशी. बास बिअर बनवत होती, बाटल्या भरत नव्हती. बिअर पिंपांतून निघायची. ती विकत घेऊन बाटल्यांत भरणारे व्यापारी वेगळे, लिव्हरपूलला, लंडनला, डब्लिनला, परदेशातही. म्हणजे पिणाऱ्याच्या हातात बाटली पडायची तेव्हा ती बिअर करणाऱ्याच्या हातातून सुटून कितीतरी दिवस झालेले असायचे आणि मध्ये एक अनोळखी हात येऊन गेलेला असायचा. त्या हाताने काय भरलं, कोण बघणार? काच गडद, बूच घट्ट. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर खरी कोणती आणि गावठी भेसळ कोणती, हे उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही. रिकामी बाटली पुन्हा भरणं तर फारच सोपं.

यावर बासने लेबल आपल्या ताब्यात ठेवलं. बाटल्या भरणाऱ्याने जितकी बिअर घेतली, त्या हिशोबाने त्याला लेबलं द्यायची. लाल त्रिकोण असलेलं हे लेबल १८५५ पासूनचं. त्यामुळे तो त्रिकोण मुळात सजावट म्हणून जन्मलाच नाही. ती एक प्रकारची पावती होती. जो माणूस समोर हजर नाही, त्याने 'हे माझं आहे' म्हणून केलेली सही होती.

लवकरच बनावट लेबलं आली. १८६२ मध्ये इंग्लंडात खोट्या छापाबद्दल शिक्षा देणारा कायदा झाला, तरी प्रत्येक वेळी कोर्टात जाऊन ही खूण आपलीच आहे, लोक तिला आपली म्हणून ओळखतात आणि समोरच्याने फसवलं आहे, हे नव्याने सिद्ध करावं लागे. नोंदणीमुळे हे ओझं उतरलं. वहीत नाव आहे म्हणजे खूण तुमची. ती चोरणाऱ्याने उत्तर द्यायचं. नववर्षाच्या रात्री कचेरीच्या दाराशी उभं राहण्याचं मोल एवढं होतं.

इथे डिझाइनर म्हणून माझा जीव त्या आकारात अडकतो. त्रिकोण का, याच्या बऱ्याच कहाण्या आहेत, पिरॅमिडपासून सगळ्या. मला त्या कहाण्यांपेक्षा तो आकार काम कसा करतो ते बघण्यात रस आहे. एक आकार, एक रंग. त्या काळच्या साध्या छपाईत रंग सरकला, शाई पसरली, कागद ओला झाला, तरी त्रिकोण त्रिकोणच राहतो. फिकट कागदावर लाल, आणि तो कागद तपकिरी काचेवर. तळघराच्या अंधारात, गॅसच्या दिव्यात, दहा हातांवरून तो ओळखता येतो. ज्याला वाचता येत नाही त्याला ओळखता येतो. ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही. बोटाने दाखवता येतो आणि तोंडाने मागताही येतो. बनावट करणाऱ्याची पंचाईत हीच होती की इतक्या साध्या आकाराच्या जवळपास काहीही काढलं तरी ते त्रिकोणच दिसतं, आणि त्रिकोण दिसला की पकडला गेलाच. गुंतागुंतीचं चित्र असतं, तर 'आमचा सिंह वेगळा, आमच्या सिंहाची शेपूट वर आहे' असं म्हणून सुटता आलं असतं.

आपल्याकडच्या बाजाराला हे नवीन नाही. आपण 'ब्रँड' म्हणायला शिकलो त्याच्या कितीतरी आधी 'छाप' म्हणत होतो. घोडा छाप, हत्ती छाप, चावी छाप. मुंबईच्या कापडबाजारात ठाणांवर रंगीत तिकिटं चिकटवलेली असत आणि गिऱ्हाईक गिरणीच्या नावाने नव्हे, तिकिटावरच्या चित्राने माल मागे. आजीने दुकानात पाठवताना सांगितलेलं नाव नव्हे, चित्र लक्षात राहायचं. छाप या शब्दातच दाबून उमटवणं आहे, आणि उमटवणारा हात आहे.

या त्रिकोणाची सगळ्यात कडक परीक्षा एका चित्रकाराने घेतली, तीही न सांगता. १८८२ मध्ये एदुआर माने याने पॅरिसच्या फोली-बर्जेर या रंजनगृहातला बार रंगवला. चित्र आज लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. मधोमध काळ्या पोशाखातली, थकलेल्या डोळ्यांची बारवाली मुलगी. तिच्यापुढे संगमरवरी काउंटर. त्यावर काचेच्या भांड्यात संत्री, पेल्यात दोन फुलं, सोनेरी वर्खाच्या शॅम्पेनच्या बाटल्या आणि दोन्ही टोकांना लाल त्रिकोणवाली तपकिरी बाटली. मी या चित्राची मोठी प्रत घेऊन ती बाटली भिंगाखाली पाहिली. अक्षर एकही धड नाही. लेबल म्हणजे पिवळट रंगाचे चार-दोन फटकारे, आणि मध्ये लाल रंगाचा एक टोकदार डाग. एवढंच. माने शब्द लिहायला बसलाच नाही, त्याला गरजच पडली नाही. आणि गेली जवळपास दीडशे वर्षं चित्रासमोर उभा राहणारा माणूस म्हणतो, ही बास.

शेजारच्या शॅम्पेनची कंपनी कोणती, हे मात्र सांगता येत नाही. वर्ख आहे, डौल आहे, श्रीमंती आहे. नाव नाही. नवा लोगो करताना मी आता मनात हीच कसोटी लावते: घाईतल्या चित्रकाराने तीन फटकाऱ्यांत तुमची बाटली काढली, तर तुमचीच दिसेल का? माझा सह्याद्री तीन फटकाऱ्यांत काढला तर कुठलाही डोंगर झाला असता. झालाच होता, त्या वेटरच्या हातात.

इथपर्यंत आलं की निष्कर्ष काढायचा मोह होतो: साधा आकार, एक रंग, झालं. डिझाइनच्या वर्गात हेच शिकवतात आणि मीही हेच मानत होते. पण या प्रकरणात दोन गोष्टी अशा आहेत की त्या या निष्कर्षाला टिकू देत नाहीत.

पहिली गोष्ट नोंदवहीच्या दुसऱ्या क्रमांकावर आहे. तीही बासचीच खूण. लाल चौकट, पत्त्यातल्या चौकटसारखी, त्यांच्या कडक एलसाठी. कंपनी तीच, रंग तोच, आकार तितकाच सोपा, नोंदणी सोबतच. दोन खुणांची अशी समोरासमोर तुलना एरवी मिळत नाही. त्रिकोण जगाने लक्षात ठेवला. चौकट आज जुनी लेबलं जमवणाऱ्यांना ठाऊक असते, बाकी कुणाला नाही. आकाराचा गुण दोघांत सारखा असेल, तर फरक कशाने पडला? बिअरने पडला. लोक पेल एल पीत होते. बर्टनच्या पाण्याची करामत त्या बिअरमध्ये होती, आगगाडी आणि जहाजं तीच बिअर वाहत होती. त्रिकोण रोज हातात पडत होता, आणि दर वेळी आतला माल खुणेला जागत होता. चौकटीला तेवढ्या भेटीच मिळाल्या नाहीत.

दुसरी गोष्ट रस्त्यापलीकडची. ऑलसॉप. गाव तेच, पाणी तेच, हिंदुस्थानात तर ते बासच्या आधी गेलेले. त्यांची खूण होती लाल पंजा, उघडा हात. पंजा तुमच्या-माझ्या डोळ्याला त्रिकोणापेक्षा जास्त भिडतो. त्यात माणूस आहे, शपथ आहे, थांब म्हणणं आहे. लक्षात राहण्याच्या बाबतीत पंजा कमी पडेल असं मला वाटत नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑलसॉपचा कारभार ढासळला, १९११ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या, म्हणजे देणेकऱ्यांसाठी नेमलेल्या कारभाऱ्याच्या, ताब्यात गेली आणि १९३४ मध्ये इंड कूप या कंपनीत विलीन झाली. पंजा चांगला काढलेला होता. त्याच्या मागचं घर राहिलं नाही.

आकाराला स्वतःचा अर्थ नसतो, हे तर आपल्याला घरबसल्या ठाऊक आहे. माझ्या लहानपणी लाल त्रिकोण प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर होता, एसटी स्टँडवर होता. टोक खाली केलेला, कुटुंब नियोजनाचा. १९६० च्या दशकाच्या शेवटी ही खूण देशभर रंगवली गेली, आणि तीही याच हिशोबाने की लिहिता-वाचता न येणाऱ्याला, कुठलीही भाषा बोलणाऱ्याला ती कळावी. तोच आकार, तोच रंग, फक्त उलटा. इंग्लंडात तो दिसला की घशाला तहान लागायची, आपल्याकडे दिसला की नर्सबाई आठवायच्या. त्रिकोणाने दोन्हीकडे सारखंच प्रामाणिकपणे काम केलं. अर्थ त्यात लोकांनी भरला, वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा तेच अनुभवून.

आणि भरलेला अर्थ दुसरं कुणी येऊन उलटाही करू शकतं. कार्ल्सबर्गच्या जुन्या लेबलांवर स्वस्तिक होतं, शुभचिन्ह म्हणून. कोपनहेगनला त्यांच्या ब्रुअरीच्या दारात १९०१ साली उभारलेले दगडी हत्ती आहेत. त्यांच्या अंगावर ते आजही कोरलेलं दिसतं. हिटलरच्या पक्षाने ते चिन्ह उचलल्यावर कंपनीला आपल्या लेबलांवरून ते काढावं लागलं. यात डिझाइनरचा काय दोष? काहीही नाही. तरी खूण गेली.

परत बासकडे. १८७७ च्या सुमाराला ती जगातली सगळ्यात मोठी ब्रुअरी मानली जात होती, वर्षाला दहा लाख बॅरलच्या आसपास. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनखालची तळघरं बर्टनहून येणारी बिअर साठवायला बांधली होती आणि तिथल्या लोखंडी खांबांमधलं अंतर बिअरच्या पिंपाच्या मापाने ठरवलं होतं. १८६८ मध्ये उघडलेलं ते स्टेशन आजही त्या मापावर उभं आहे. एका बिअरच्या गावाने राजधानीच्या स्टेशनचं माप ठरवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग उतार आला. तो एकदम आला नाही, आणि त्याचा खुणेशी काही संबंध नव्हता, म्हणून मी तो भराभर सांगते. लोकांची चव हळूहळू थंडगार लागरकडे, म्हणजे एलपेक्षा हलक्या चवीच्या बिअरकडे, वळली. बास १९६१ आणि १९६७ च्या विलीनीकरणांनी अवाढव्य झाली. तिच्याकडे बिअरपेक्षा पब जास्त, मग पबपेक्षा हॉटेलं मोठी. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिने हॉलिडे इन ही हॉटेलांची साखळी घ्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, ब्रिटिश सरकारने मोठ्या ब्रुअऱ्यांच्या मालकीच्या पबांवर मर्यादा आणली. २००० साली कंपनीने बिअर बनवण्याचा अख्खा धंदा बेल्जियमच्या इंटरब्रूला सुमारे २.३ अब्ज पौंडांना विकला. नावही त्यासोबत गेलं. उरलेली कंपनी नाव बदलून हॉटेलांची झाली. आज ती इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेल्स ग्रूप म्हणून ओळखली जाते. स्पर्धा नियंत्रकांनी इंटरब्रूला धंद्याचा मोठा हिस्सा विकायला लावला, त्यात बर्टनच्या ब्रुअऱ्या अमेरिकेच्या कूर्सकडे गेल्या. बास हे नाव आणि त्रिकोण इंटरब्रूने, म्हणजे आजच्या एबी इनबेवने, स्वतःकडे ठेवला.

याचा अर्थ नीट पाहा. त्रिकोण एकाकडे, ब्रुअरी दुसऱ्याकडे, आणि ज्या कंपनीने तो लावला ती हॉटेलं चालवते. पिंपातली बास पुढे बर्टनमध्येच, पण मार्स्टन्स या जुन्या शेजाऱ्याच्या ब्रुअरीत कंत्राटाने बनू लागली. १८५५ मध्ये त्रिकोणाने ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, 'ही कुणाची?', तो प्रश्न आता त्रिकोणालाच विचारावा लागतो. इंग्लंडातल्या कितीतरी पबांच्या भिंतींवर अजून तो रंगवलेला आहे. लोक त्याला ओळखतात. जुने लोक प्रेमाने ओळखतात. पण ओळखणं आणि मागणं यात फरक आहे, आणि धंदा मागण्यावर चालतो. गेल्या काही वर्षांत पिंपातल्या बासचे चाहते पुन्हा जमू लागले आहेत, ती कुठल्या पबात मिळते याच्या याद्या करतात. मला त्याचा मनापासून आनंद होतो. पण तिथेही ते त्रिकोणाच्या मागे नाहीत, त्या चवीच्या मागे आहेत.

म्हणून बिअरचा लोगो यशस्वी झाला की फसला, हे ठरवताना मी आता दोन प्रश्न वेगवेगळे विचारते. खूण म्हणून तो उभा राहतो का? हा माझा प्रश्न, डिझाइनरचा. ओल्या बाटलीवर, मंद उजेडात, घाईतल्या माणसाच्या तोंडी, फोनच्या पडद्यावर नखाएवढा असताना. यात रंगावर फार विसंबू नये, हेही बासने शिकवलं; लाल काढून टाका, त्रिकोण उरतोच. आपल्याकडे खाद्यपदार्थांच्या पाकिटावर मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी गोल होती, ती आता तपकिरी त्रिकोण आहे, कारण रंगांधळ्या माणसाला हिरवा गोल आणि तपकिरी गोल सारखाच दिसायचा. आकार बदलला आणि प्रश्न सुटला.

दुसरा प्रश्न मालकाचा: या खुणेच्या मागे कोण उभं आहे? हे मी कागदावर काढून देऊ शकत नाही.

आपल्याकडे पहिला प्रश्न जरा जास्तच कठीण आहे. टीव्हीवर दारूची जाहिरात करायला मनाई आहे. म्हणून मोठ्या कंपन्या तोच लोगो सोड्यावर, पाण्याच्या बाटलीवर लावून फिरवतात. लहान ब्रुअरीला ती ऐपत नाही. तिच्याकडे बाटली, फ्रिजचं काचेचं दार आणि बारमधली बादली एवढंच आहे. त्यातही लेबलाची बरीच जागा आधीच गेलेली: वैधानिक इशारा, अल्कोहोलचं प्रमाण, किंमत, उत्पादकाचा पत्ता, बॅच. जे उरतं त्यात मी अख्खा सह्याद्री बसवायला गेले होते. त्यातला बुरूज तर भावनेच्या दृष्टीनेही चुकीचा होता. महाराष्ट्रात दारूच्या दुकानांना आणि बारना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देऊ नयेत, असा निर्णय सरकारने २०२२ मध्ये घेतला. तो पाट्यांपुरता आहे, लेबलांपुरता नाही. पण ज्यामुळे तो घ्यावा लागला ती लोकांची भावना मला आधीच कळायला हवी होती.

मग पुढे काय झालं ते सांगते.

मी पुन्हा त्या शेडमध्ये गेले, या वेळी लॅपटॉप न नेता. दिवसभर बसून राहिले. तिथे टाक्यांवर लक्ष ठेवणारे एक काका आहेत, आधी एका मोठ्या ब्रुअरीत नोकरी केलेले. टाकीतून पेलाभर काढायचा, उजेडाकडे धरायचा, वास घ्यायचा, एक घोट घ्यायचा आणि मग खिशातला निळा खडू काढून पिंपावर खूण करायची: दोन उभ्या रेघा आणि त्यांना कापून जाणारी एक तिरकी. दुपारपर्यंत त्यांनी अशा नऊ पिंपांवर खुणा केल्या. दोन पिंपं तशीच ठेवली.

"काका, ही खूण कसली?"

"ही? गेली तरी चालेल अशी," ते म्हणाले. "रेघ नाही त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही."

गाडी भरणारी पोरं कागद बघत नव्हती. रेघा बघून पिंपं उचलत होती. लोगो त्या शेडमध्ये आधीपासून होता, रोज वापरात होता, आणि आम्ही डोंगरात शोधत होतो.

आम्ही तीच खूण घेतली. मी फक्त रेघांची जाडी ठरवली आणि तिरकीचा कोन थोडा उभा केला, म्हणजे बाटलीच्या गोलाईवर ती आडवी पडल्यासारखी दिसू नये. खडूचा खरबरीतपणा मोह पाडत होता, तरी काढून टाकला; छोट्या आकारात त्याचा मळ दिसतो. निळा रंग ठेवला, पण नोंदणीचा अर्ज काळ्या-पांढऱ्यात केला. आपल्या कायद्यात रंगाची मर्यादा न घालता नोंदलेली खूण सगळ्या रंगांसाठी नोंदली गेली असं धरतात. बिअर बत्तिसाव्या वर्गात येते, वाइन आणि बाकी दारू तेहतिसाव्यात. अर्ज ऑनलाइन गेला, दाराशी रात्र काढावी लागली नाही.

मालकाला मी वही परत दिली. त्याने तीन रेघा मारल्या आणि वही मिटली.

या मार्चमध्ये त्याचा फोन आला. गव्हाच्या बिअरची एक अख्खी बॅच आंबूस झाली होती. फार नाही, थोडीशी. लिंबाची फोड टाकून दिली तर बऱ्याच जणांना कळलं नसतं. ऑर्डरी ठरलेल्या, होळीचा आठवडा, लेबलं छापून आलेली, बाटल्या धुवून रांगेत. त्याने सांगितलं की तो संध्याकाळी टाक्यांपाशी गेला तेव्हा काका स्टुलावर बसले होते, खडू खिशात होता आणि एकाही पिंपावर रेघ नव्हती. त्याने बॅच ओतून दिली. लेबलांचा तो गठ्ठा पुढच्या खेपेला वापरता येईल का, छपाईच्या शाईला ओलाव्याने काही होईल का, एवढंच विचारायला त्याने फोन केला होता.